पोचेपर्यंत केर काढायचा नाही

आमच्या घरात अंतर किलोमीटरमध्ये मोजत नाहीत, सटाण्यात मोजतात. आईचं माहेर सटाण्याचं. लग्न होऊन ती एसटीनं नाशिकजवळच्या आमच्या मळ्यात आली, तोच तिच्या मते माणसानं करावा असा सर्वांत लांबचा प्रवास. देवळ्याला गाडी थांबली, पिंपळगावला थांबली, दोन्हीकडे ती रडली आणि दोन्हीकडे तिला कुणीतरी चहा पाजला. तेव्हापासून जगातली कुठलीही जागा ती त्याच मापानं मोजते. मुंबई दोन सटाणे. पुणं त्याहून थोडं जास्त. मुलगी लग्न करून सिडनीला गेली तेव्हा मी हिशेब करून शंभरावरचा आकडा सांगितला, तर आई म्हणाली, "एवढे सटाणे नाहीत रे जगात."

त्या सिडनीहूनही मुलगी आता पुढं निघाली होती. जावयाला चिली देशात तांब्याच्या खाणीवर नोकरी लागली. तो दोन महिने आधी जाऊन घर बघून तिथंच राहिला, आणि आता मुलगी आमच्या आठ महिन्यांच्या नातीला घेऊन मागून जाणार होती. सिडनी ते सान्तियागो. एकटी. आमच्या बोअरला पाणी लागत नव्हतं तेव्हा बोअरवाला म्हणायचा, "दादा, अजून शंभर फूट जाऊ." मी म्हणायचो, "जाशील तर पार पलीकडं निघशील." ते पलीकडचं म्हणजे साधारण हेच, हे मला आता नकाशा बघताना कळलं.

नात आम्ही फक्त मोबाइलच्या काचेतून पाहिलेली. तिच्या गालाला हात लावायला गेलं की फोन कट व्हायचा. असं दोनतीनदा झाल्यावर आईनं फोनसमोर हात मागं बांधून बसायची सवय लावून घेतली.

विमान खंडेनवमीच्या दिवशी होतं. त्याच्या दोनच दिवस आधी नातीला सर्दी-ताप आला. आदल्या दिवशी मुलीचा फोन आला तेव्हा मागं पोरीचं किरकिरणं ऐकू येत होतं.

"बाबा, डॉक्टरांनी बघितलं. कान स्वच्छ आहेत म्हणाले, जायला हरकत नाही."

"मग झालं तर."

"पण विमानात ताप चढला तर?"

यावर बापानं काय बोलायचं असतं ते मला अजून माहीत नाही. मी म्हटलं, "अगं, चढणार कशाला?" जणू तापानं मला विचारूनच चढायचं ठरवलं होतं. आई मागून ओरडली, "ओव्याची पुरचुंडी शेकव म्हणावं विमानात." विमानात तवा नसतो, हे तिला सांगायचं धाडस कुणी केलं नाही.

त्या संध्याकाळी मी इंटरनेटवर दोन विमानतळांची नावं टाकून मधलं अंतर आणि लागणारा वेळ शोधला. मी बी.कॉम. आहे, झेंडू-शेवंती पिकवतो, पण घरात माहिती काढायचं खातं माझ्याकडं. अकरा हजारांच्या वर किलोमीटर आणि साडेबारा तास, असं आलं. खाली नकाशा होता. सिडनीतून एक रेघ निघाली, खाली वाकत वाकत उजवीकडं गेली आणि नकाशाच्या कडेवरून नाहीशी झाली. मग डाव्या कडेतून परत आत आली आणि सान्तियागोला टेकली.

बायको माझ्या खांद्यावरून बघत होती. तिनं विचारलं, "आणि मधे?"

"मधे नकाशाची कड आहे."

"अहो, पण त्या वेळात ती असणार कुठं?"

इंटरनेटचं एक वाईट आहे. त्याला एक प्रश्न विचारला की पुढचे दहा ते आपल्याच तोंडात घालतं. 'लोकांनी हेही विचारले' म्हणून खाली यादीच होती: समुद्रावर विमान उतरू शकते का, एक इंजिन बंद पडले तर काय होते. मी घाईघाईनं फोन पालथा ठेवला. पण बायकोनं वाचलं होतं. मीही वाचलं होतं.

आईला समजावून सांगायचं म्हणजे सपाट नकाशा उपयोगाचा नव्हता. आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा करून त्यांच्यापुढं कोहळा कापतात. तो आणून ठेवलेला होता, चांगला गोल, जरासा लांबुळका. मी त्याच्या खालच्या अंगाला कुंकवाचा एक ठिपका दिला, हे सिडनी. वळसा घालून पलीकडं हळदीचा दुसरा, हे सान्तियागो. मग हार ओवायचा दोरा घेऊन दोन्ही ठिपक्यांवर ताणून धरला. दोरा आपोआप खाली घसरला, कोहळ्याच्या बुडाकडं.

"बघ, जवळची वाट अशी खालून जाते. बर्फाच्या बाजूनं."

आई कोहळ्यावर वाकली. "मधी काय आहे?"

"समुद्र."

"देवळा नाही कुठं?"

"नाही."

"पिंपळगाव?"

"आई, काहीच नाही. सरळ सव्वाशे सटाणे पाणीच आहे."

बोलल्यावर मला माझाच आवाज कसासा वाटला. इतका वेळ मी मोठ्या ऐटीत शिकवत होतो, आणि शिकवता शिकवता पहिल्यांदा मलाच ते दिसलं. ती एवढीशी पोर, नाक चोंदलेलं, आणि खाली थांबायला एकही फाटा नाही.

घर हलकं व्हावं म्हणून मी तिकिटाची गंमत सांगितली. तिकडच्या घड्याळानं दुपारी साडेबाराला निघायचं आणि पोचायचं त्याच दिवशी सकाळी अकराला. म्हणजे निघायच्या आधी दीड तास पोचायचं. मधे तारीख बदलायची रेघ लागते. आईनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "मग आत्ताच फोन करून विचार ना, पोचली का."

कोहळा तिनं स्वतः उचलून देव्हाऱ्याजवळ ठेवला. दोरा तसाच बांधलेला. म्हणाली, "हा उद्या कापायचा नाही. पोर चाललीय त्याच्यावरून."

दुसऱ्या दिवशी सकाळी मळ्यातून फुलं येऊन पडली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्या घराचं गोदाम होतं. बैठकीतलं सामान भिंतीला लावायचं, ताडपत्री अंथरायची, आणि झेंडू ओतायचा. मोठी फुलं बाजारात जाणाऱ्या क्रेटमध्ये, बारकी हारांना, तुटकी बाजूला. देठ, पाकळ्या, आंब्याची पानं, दोऱ्याचे तुकडे, सगळं खाली. दर तासाला झाडावं लागतं, नाहीतर पायाखाली चिखल होतो.

खुरपी, विळे, फवारणीचा पंप, छाटणीची कात्री, जुना तराजू असं सगळं पाटावर मांडून आईनं पूजा केली होती. मधोमध हळदीकुंकू लावलेली केरसुणी.

मी म्हटलं, "हे कुठलं हत्यार?"

"बायकांचं."

"मग उलथनं ठेव."

"उलथनं लागेल दुपारी," आई म्हणाली. "पुजलेलं हत्यार आज उचलायचं नाही."

मला तिचा डाव कळला. माणूस प्रवासाला निघालं की घरात केर काढायचा नाही, अशी पद्धत पुष्कळ घरांत असते. इतर घरांत ती तासाभराची, माणूस वेशीबाहेर जाईपर्यंतची. आईनं सटाण्याहून आल्यावर ती पोचेपर्यंत वाढवून घेतली होती. मी कॉलेजात असताना परीक्षेला मालेगावला गेलो की इकडं संध्याकाळपर्यंत घर पारोसं. त्यावरून मी तिला जन्मभर चिडवलं आहे. 'माझ्या नापास होण्याचं कारण तुझा केर' हा माझा आवडता विनोद. आणि आता मुलगी आमच्या घरातून निघालीच नव्हती, सिडनीहून निघत होती. नियम लागू होत नाही, असं मी म्हणणार होतो. तेवढ्यात फोन आला.

"बाबा, बसलो आम्ही आत. अंग थोडं कोमट आहे तिचं. औषध दिलंय. आता फोन बंद करायला सांगतायत."

मागं नात रडत होती. काचेतून ऐकलेलं तिचं रडणं मला पाठ आहे. हे वेगळं होतं, खरखरीत. मग आवाज तुटला.

मी केरसुणीकडं बघितलं आणि ती पाटावर तशीच राहू दिली. ताडपत्रीवर बसून फुलं निवडायला लागलो.

जावयानं माझ्या फोनमध्ये विमान दाखवणारं एक ॲप घालून दिलं होतं. नकाशावर पिवळं बारकं विमान. सकाळभर मी दर चार फुलांमागं एकदा फोन बघत होतो. विमान ऑस्ट्रेलियाच्या बाहेर पडलं, न्यूझीलंडच्या खालून गेलं. खाली जमीन आहे तोवर मला बरं वाटत होतं, जणू मीच तिथं ओट्यावर उभा राहून त्यांना बघत होतो. मग ते निळ्यात शिरलं. एकदा बघितलं तेव्हा होतं. चार फुलं टाकून बघितलं तेव्हा नव्हतं.

मी फोन बंद करून चालू केला. ॲप काढून पुन्हा घातलं. आकाशातली माहिती मिळत नाही, अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य आलं. जावयाला लावला. तो खाणीवरून रात्रीच्या गाडीनं विमानतळाकडं निघालेला, वाळवंटात त्याचा फोन लागत नव्हता. समुद्राच्या मधोमध ऐकणारं कुणी नसतं, म्हणून विमान दिसत नाही, एवढी साधी गोष्ट. जावयानं ती सांगूनही ठेवली होती. पण सांगितलेलं डोक्यात राहतं आणि भीती पोटात, आणि या दोघांची फारशी ओळख नसते.

बायको सुईत दोरा घालत होती. मान वर न करता म्हणाली, "दिसतंय का हो?"

"दिसतंय की."

"कुठं आलं?"

"आलंय, मध्यावर."

"हो," ती म्हणाली. "माझ्या फोनातपण मध्यावरच दाखवतंय."

तेव्हा मला कळलं की तिच्या फोनातूनही विमान गेलेलं आहे. आणि मला कळलंय, हे तिलाही कळलं. आम्ही दोघंही खाली बघून झेंडूची देठं तोडत राहिलो. तीस वर्षांच्या संसारात एकमेकांशी इतकं एकमतानं खोटं आम्ही कधी बोललो नसू.

दुपारी टेम्पो क्रेट घेऊन गेला. मी शेवंतीचे क्रेट झेंडूत चढवले, ड्रायव्हरनं खाली उतरवून पुन्हा लावले. "दादा, तब्येत बरी ना?" म्हणाला. घरात परत आलो तर पाय घोट्यापर्यंत पाकळ्यांत. सकाळपासूनचं सगळं तिथंच साचलेलं, वरचं ताजं पिवळं, खालचं काळपट. वास असा की डोकं धरावं. आई देव्हाऱ्यापुढं बसून कोहळ्याच्या दोऱ्यावर बोट ठेवून होती. सकाळी ते बोट कुंकवाजवळ होतं. आता निम्म्यावर आलं होतं. घड्याळ बघून ती ते कणाकणानं पुढं सरकवत होती. माझ्या ॲपपेक्षा तिचं बोट बरं, एवढ्या वेळात एकदाही नाहीसं झालं नव्हतं.

तिनं वर बघितलं. "पोर आते कोठे शे?"

आई घाबरली की माहेरची अहिराणी बोलते. वडील गेले त्या दिवसानंतर मी ती तिच्या तोंडून ऐकली नव्हती.

"मध्यावर आहे," मी म्हटलं.

उन्हं कलली तेव्हा मी मागच्या हौदावर हातपाय धूत होतो. बायको स्वयंपाकघरात, आई जरा आडवी झालेली. शेजारच्या मळ्यातल्या वहिनी तोरणाला आंब्याची पानं मागायला आल्या. चांगली बाई. आमच्या अडीअडचणीला न बोलावता येते, आणि आली की हात रिकामा ठेवत नाही. बैठकीचा उकिरडा बघून तिला वाटलं, बिचाऱ्यांना दिवसभर सवड मिळाली नसेल.

मला हौदावर आवाज आला. सर्र, सर्र.

त्या आवाजाला मी कसा धावलो ते मला सांगता येणार नाही. पायात चप्पल नव्हती, तोंडाला साबण होता. आत गेलो तर वहिनींनी पाटावरची केरसुणी घेऊन एक कोपरा लख्ख केला होता.

"ठेवा!" मी ओरडलो. "वहिनी, ठेवा ती खाली!"

"अवं भाऊ, किती घाण पडलीय, लय वेळ नाय लागायचा—"

मी केरसुणीचं दुसरं टोक धरलं. त्यांना वाटलं, मी संकोचानं नको म्हणतोय, म्हणून त्यांनीही सोडली नाही. "राहू द्या, मी करते," आणि "नको म्हणतो ना," असं करत आम्ही दोन पोक्त माणसं पाकळ्यांत घसरत केरसुणी ओढत होतो. बायको धावत आली. आई उठून बसली, त्या स्वच्छ कोपऱ्याकडं बघितलं, आणि तिचा चेहरा असा झाला की वहिनींच्या हातून केरसुणी आपोआप सुटली.

"काय झालं? माझं काय चुकलं का?"

"पोरगी विमानात आहे," बायको म्हणाली. "पोचली नाही अजून."

वहिनींनी तोंडावर हात ठेवला. हे त्यांना पुढं समजवावं लागलं नाही. पुढच्या क्षणी त्या खाली बसल्या आणि झाडलेला केर ओंजळीनं उचलून पुन्हा त्या कोपऱ्यात पसरू लागल्या. आईही गुडघ्यांवर सरकत आली. बायको आली. आणि मी, ज्यानं या केरावर तीस वर्षं विनोद केले, तो साबणाच्या तोंडानं देठं आणि सडकी फुलं जमिनीवर नीट, पहिल्यासारखी दिसतील अशी मांडत होतो. एक दोऱ्याचा तुकडा भिंतीलगत होता की जरा अलीकडं, हे मी बायकोला विचारल्याचं मला आठवतं. ती म्हणाली, "भिंतीलगत." मी तो तिथं ठेवला.

केरसुणी आईनं पाटावर परत नेली आणि तिला पुन्हा कुंकू लावलं. वहिनी गेल्या नाहीत. पानं विसरून आमच्यातच बसून राहिल्या.

साडेसात झाले, पोचायची वेळ. ॲप उघडलं तर नकाशा रिकामा. आईचं बोट हळदीच्या ठिपक्याशी येऊन थांबलं होतं आणि आता पुढं जायला जागा नव्हती. मी पुन्हा पुन्हा उघडत राहिलो, आणि मग फोन माझ्या हातात काळा झाला. दिवसभर विमान शोधून शोधून मी त्याची बॅटरी संपवली होती. चार्जर फुलांच्या ढिगाखाली कुठंतरी. मी ढीग उपसायला लागलो, वहिनी "असंल हितंच भाऊ, असंल हितंच" म्हणत माझ्याबरोबर उपसत होत्या.

तेवढ्यात स्वयंपाकघरात बायकोचा फोन वाजला. ती गेली. आम्ही तिघं होतो तिथं थांबलो. आत काहीच आवाज नाही, नुसतं बायकोचं "हं... हं..." मग ती बाहेर आली आणि तिनं फोन स्पीकरवर टाकला.

"बाबा, तुमचा फोन का बंद आहे?" मुलगी ओरडत होती. "किती वेळ लावतेय! मी इतकी घाबरले, म्हटलं घरात काय झालं की काय!"

आई फोनवर वाकली. "बाळ कसं आहे गं?"

"आता झोपलंय आजी. विमानच उशिरा सुटलं आमचं. आणि मधे खूप ताप चढला होता गं. मी फार घाबरले, खाली नुसतं पाणी. विमानातल्या बायकांनी ओल्या पट्ट्या ठेवल्या. मग उतरला हळूहळू, घाम आला."

"केव्हा उतरला?"

"काय माहीत आजी. बाहेर अंधार होता नुसता. उजाडायच्या जरा आधी."

आईनं माझ्याकडं बघितलं. मग त्या कोपऱ्याकडं. मी बी.कॉम. झालेला माणूस, योगायोग म्हणजे काय हे मला छान सांगता येतं. पण मी सांगितलं नाही, आणि तिनंही विचारलं नाही. वहिनी पदरानं डोळे पुसत पानं न घेताच निघून गेल्या.

थोड्या वेळानं आईनं पाटाला नमस्कार केला, केरसुणी उचलली आणि माझ्यापुढं धरली. "घे, झाड आता."

मी आयुष्यात पहिल्यांदा त्या घराचा केर काढला. नीट येत नव्हतं. मधला ढीग दारापर्यंत न्यायचा तर तो भिंतीकडंच जात होता, आणि बायको बसल्या जागेवरून "अहो, वाकून, वाकून" असं शिकवत होती. सगळं अंगणात लोटून झाल्यावर ती विळी घेऊन आली. खंडेनवमी सरायच्या आत कोहळा कापायला हवा होता.

"तो राहू दे," आई म्हणाली. "नारळ फोड."

"आई, अहो, पोचली ना ती आता."

"पोचली. पण इकडं यायची आहे ना एकदा. बाळाला हात लावायचाय मला." तिनं बोट कुंकवात बुडवलं आणि मला विचारलं, "आपण कुठं यात?"

मी कोहळा हातात घेऊन फिरवला. हळदीच्या ठिपक्यावरून मागं, वर, अजून मागं, जवळजवळ पार दुसऱ्या अंगाला. तिथं तिनं एक ठिपका दिला. सिडनीचा दोरा सोडून आम्ही तो नाशिकपर्यंत लावून बघितला, तर अर्ध्यातच संपला. बायकोनं रिळातून नवा काढून दिला. ताणून धरल्यावर आई त्याच्याकडं कितीतरी वेळ बघत होती. मला वाटलं, आता ती विचारणार, मधे देवळा आहे का. मी उत्तर जुळवायला लागलो.

"यात मधी थांबत येतील त्या," बायकोच म्हणाली. "दोन दिवस तरी लागतील."

"लागू दे," आई म्हणाली. "झाडू नका दोन दिवस."